गृहिणीचा अर्धा हिस्सा आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र

गोव्याच्या उत्तर सीमेवरील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांची सोयरीक पूर्वापार तेरेखोल नदीच्या पलीकडे आहे. सावंतवाडी, वेंगुर्ले, दोडामार्ग या भागांतून दर लग्नसराईत अनेक मुली या तालुक्यांत सुना म्हणून येतात, आणि तितक्याच इकडून तिकडे जातात. भाषा तीच, देव तेच, सणवारही तेच. नदी ओलांडताना बदलतो तो कायदा. सिंधुदुर्गातील हिंदू कुटुंबात पतीची मिळकत पतीची व पत्नीची मिळकत पत्नीची असते. गोव्यात विवाह होताच, वेगळा करार केलेला नसल्यास, दोघांची सर्व मालमत्ता एक होते आणि तीत प्रत्येकाचा अर्धा हिस्सा ठरतो. या फरकाचा प्राप्तिकराशी, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या इन्कम टॅक्सशी, निकटचा संबंध आहे. घरी राहून संसार करणारी, स्वतःची नोकरी वा धंदा नसलेली परगावची सूनही या राज्यात प्राप्तिकराच्या दृष्टीने उत्पन्नाची धनीण ठरते. ही गोष्ट पुष्कळ घरांत, आणि विशेष म्हणजे त्या सुनेलाच, ठाऊक नसते. म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

मूळ कायदा कोणता

पोर्तुगालचा नागरी कायदा १८६७ साली मंजूर झाला. १८ नोव्हेंबर १८६९ च्या हुकूमनाम्याने तो सागरापलीकडील प्रांतांना लावण्यात आला आणि १ जुलै १८७० पासून गोव्यात अंमलात आला. डिचोली व पेडणे हे तालुके १७८० च्या दशकात पोर्तुगीज सत्तेखाली गेलेले, म्हणजे ‘नव्या काबिजादी’पैकी. तेथील हिंदूंच्या काही रूढींना १८८० च्या हुकूमनाम्याने मान्यता मिळाली, परंतु पतिपत्नींच्या मालमत्तेबाबतचा सर्वसाधारण नियम सर्व धर्मीयांना सारखाच राहिला. १९१० च्या हुकूमनाम्याने विवाह हा नागरी करार ठरला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या प्रशासनविषयक अधिनियमाने जुने कायदे, ते बदलले वा रद्द केले जाईपर्यंत, चालू ठेवले. हा नागरी कायदा आता परकीय कायदा राहिला नसून संसदेने स्वीकारलेला भारतीय कायदाच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात स्पष्ट केले. वारसाहक्काचा भाग पुढे राज्याच्या २०१२ च्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमात आला.

या कायद्यातील पतिपत्नींच्या समाईक मालकीस पोर्तुगीज भाषेत ‘कोमुन्यांव दोश बेंश’ म्हणतात. नावाच्या साधर्म्यामुळे कोणी हिची सांगड गावच्या कोमुनिदादीशी घालतात. ती चूक आहे. कोमुनिदाद ही गावकऱ्यांची संस्था, तर कोमुन्यांव ही एका दांपत्याची मालकी. विवाहापूर्वीची व विवाहानंतरची, स्वकष्टार्जित, वारशाने आलेली किंवा बक्षीस मिळालेली अशी सर्व मालमत्ता, कायद्याने वगळलेले मोजके अपवाद सोडल्यास, या समाईकतेत येते. घरपट्टीची पावती कोणाच्या नावे फाटते, किंवा एक-चौदाच्या उताऱ्यावर कोणाचे नाव चढले आहे, यावर हा हक्क अवलंबून नाही. म्हणूनच येथे स्थावर मालमत्ता विकताना पतिपत्नी दोघांची संमती व सही लागते. पती निवर्तल्यास अर्धा हिस्सा मुळातच पत्नीचा असतो, तो वारशाने येत नाही. वारसांत वाटप होते ते उरलेल्या अर्ध्याचे.

प्राप्तिकराचे कलम ५-अ

केंद्राचा प्राप्तिकर अधिनियम १९६१ गोव्यास लागू झाला तेव्हा एक पेच उभा राहिला. दुकान पतीच्या नावे, पण नफ्याचा अर्धा मालक पत्नी. मग कर कोणावर आकारावा? पतीवर, दोघांवर वेगवेगळा, की दोघे मिळून ‘व्यक्तिसमूह’ समजून त्या समूहावर? अनेक वर्षे हा वाद कर अधिकारी, न्यायाधिकरण व उच्च न्यायालय यांच्यापुढे चालला. अखेर १९९४ च्या वित्त अधिनियमाने कलम ५-अ घालण्यात आले आणि ते १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आले.

या कलमाचा आशय असा. गोवा राज्यात आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव येथे चालू असलेली ही समाईकतेची पद्धत ज्या पतिपत्नींना लागू आहे, त्यांच्या उत्पन्नाची आकारणी समूह म्हणून होणार नाही. वेतनाचे शीर्ष सोडून इतर प्रत्येक शीर्षाखालील उत्पन्न दोघांत सारखे विभागले जाईल आणि ज्याचा हिस्सा त्याच्या एकूण उत्पन्नात मिळवला जाईल. वेतन मात्र ज्याने प्रत्यक्ष कमावले त्याच्याच उत्पन्नात धरले जाईल. कलमाच्या मजकुरात पोर्तुगीज नागरी कायद्याचे वर्ष १८६० असे छापलेले आहे. प्रत्यक्षात तो १८६७ चा. जिज्ञासू शिक्षकांनी मूळ मजकूर पाहिला तर गोंधळून जाऊ नये एवढ्यासाठी हे सांगितले. १९६१ च्या अधिनियमाची जागा १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम २०२५ ने घ्यावी असे संसदेने ठरविले, आणि त्या नव्या अधिनियमातही हीच तरतूद कायम ठेवलेली आहे.

येथे एक शब्द नीट पाहिला पाहिजे. उत्पन्न विभागले ‘जाईल’ असे कलम म्हणते, विभागता ‘येईल’ असे म्हणत नाही. यंदा कर वाचतो म्हणून वाटणी दाखवावी आणि पुढल्या वर्षी सोयीची नाही म्हणून सोडावी, अशी मुभा त्यात नाही. पतिपत्नींना खरी निवड एकदाच मिळते, आणि ती विवाहाच्या आधी. विवाहापूर्वी नोटरीचे काम पाहणाऱ्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर दस्त करून पूर्णतः स्वतंत्र मालकी, केवळ विवाहोत्तर मिळकतीपुरती समाईकता, किंवा स्त्रीधनाची विशेष व्यवस्था स्वीकारता येते. असा दस्त नसेल तर सर्वंकष समाईकता आपोआप लागू होते. मुहूर्त, मंडप आणि जेवणावळीची चर्चा महिनोन् महिने करणारी आपली मंडळी या एका कागदाची चर्चा क्वचितच करतात. पलीकडून येणाऱ्या वधूच्या माहेरी तर असा काही कागद असतो हेच माहीत नसते.

परराज्यातून आलेल्या जोडीदाराचे काय

वर मूळचा पेडणे वा डिचोलीचा, विवाहाची नोंदणी गोव्याच्या नागरी नोंदणी कार्यालयात झालेली आणि पूर्वकरार नाही, अशा दांपत्यात वधू सातार्ड्याची असो, दोडामार्गची असो की कोल्हापूरची, तिला समाईकता लागू होते. माहेरचा कायदा वेगळा होता म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही. याउलट, महाराष्ट्रात विवाह करून नोकरीधंद्यासाठी डिचोलीत बिऱ्हाड केलेल्या, मूळच्या महाराष्ट्रीय दांपत्याला केवळ गोव्यात राहण्याने हे कलम लागू होत नाही. कलमाची कसोटी वास्तव्याची वा उत्पन्नाच्या ठिकाणाची नाही. दांपत्याला ती मालमत्तापद्धत लागू आहे की नाही, एवढीच आहे. त्यामुळे मुंबईत स्थायिक झालेल्या मूळ गोमंतकीय जोडप्याला ती तेथेही लागू राहते, आणि साळ गावची मुलगी लग्न होऊन दोडामार्गच्या कुटुंबात गेली, विवाहही तेथल्याच कायद्याने झाला, तर तिच्या पतीच्या उत्पन्नाची वाटणी होत नाही.

मधल्या पायरीवरची प्रकरणे सर्वात अवघड. वर गोव्याचा, पण लग्न वधूच्या माहेरी सावंतवाडीस लागले आणि नोंदणीही तेथेच झाली, असे पुष्कळदा घडते. तेथे वराचा मूळ अधिवास, विवाहाचे स्थळ व नोंदणी या सर्वांचा विचार करूनच निर्णय करावा लागतो. अशा दांपत्याने कर सल्लागाराच्या तोंडी शब्दावर विसंबू नये. नागरी कायदा जाणणाऱ्या वकिलाचे लेखी मत घेऊन ते विवाहाच्या दाखल्यासोबत जपून ठेवावे. गोव्यातील विवाह नोंदणीत दोन वेळा सही होते. पहिली विवाहाचा इरादा जाहीर करण्याची आणि दुसरी त्याची पुष्टी करण्याची. पहिली सही करून दुसरी राहून गेलेल्या जोडप्यांना याचे परिणाम पुढे मालमत्तेच्या कामात भोगावे लागतात, हे नोंदणी कार्यालयातील कोणीही सांगेल.

आकड्यांची दोन उदाहरणे

खालील उदाहरणे काल्पनिक असून २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या कररचनेनुसार आहेत. त्या रचनेत पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही. पुढील प्रत्येक ४ लाखांच्या टप्प्यावर अनुक्रमे ५, १०, १५, २० व २५ टक्के, आणि २४ लाखांवरील रकमेवर ३० टक्के कर आहे. एकूण उत्पन्न १२ लाखांपर्यंत असणाऱ्या निवासी व्यक्तीला सर्वसाधारण दराच्या उत्पन्नावरील कर सूट मिळून शून्य होतो.

डिचोलीच्या बाजारात एका गृहस्थाचे किराणा मालाचे दुकान आहे. वर्षाचा निव्वळ नफा १८ लाख रुपये. पत्नी वेंगुर्ल्याची, घर सांभाळणारी. हाच दुकानदार नदीपलीकडे असता तर १८ लाखांवर १,६०,००० रुपये कर व त्यावर ४ टक्के उपकर धरून १,६६,४०० रुपये त्याला भरावे लागले असते. पत्नीला काही रक्कम बक्षीस देऊन तिच्या नावे ठेवली असती, तरी त्या ठेवीचे व्याज पुन्हा त्याच्याच उत्पन्नात मिळवले गेले असते, कारण जोडीदाराला मोबदल्याविना दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न देणाऱ्याचेच धरावे असा प्राप्तिकराचा सर्वसाधारण नियम आहे. डिचोलीत मात्र ९ लाख पतीचे व ९ लाख पत्नीचे. प्रत्येकी ३०,००० रुपये कर येतो आणि तो सूट मिळून शून्य होतो. कर शून्य झाला तरी दोघांनाही विवरणपत्र भरणे बंधनकारक आहे, कारण प्रत्येकाचे उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेहून अधिक आहे. पुष्कळ ठिकाणी घोडे अडते ते नेमके येथे. पती स्वतःच्या विवरणपत्रात अर्धी रक्कम पत्नीकडे गेल्याचे दाखवितो, आणि पत्नीचे विवरणपत्र भरलेच जात नाही.

दुसरे उदाहरण पेडणे तालुक्यातील एका शिक्षकाचे घेऊ. प्रमाणित वजावटीनंतर त्यांचे वेतनाचे उत्पन्न १४ लाख रुपये आहे. शिवाय हरमल येथील घराचे भाडे घरपट्टी वजा जाता ४ लाख येते. त्यातून दुरुस्ती इत्यादींसाठी कायद्याने ठरविलेली ३० टक्के वजावट गेल्यावर २ लाख ८० हजार उरतात. वेतन विभागले जात नाही. भाड्याचे मात्र १ लाख ४० हजार पत्नीकडे जातात. शिक्षकांचे एकूण उत्पन्न १५ लाख ४० हजार आणि उपकरासह कर १,१५,४४० रुपये होतो. सारे भाडे त्यांच्याच माथी धरले असते तर हाच कर १,४१,४४० रुपये झाला असता. निवृत्त कर्मचाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की निवृत्तिवेतन वेतनाच्याच शीर्षाखाली येते, म्हणून तेही विभागले जात नाही.

वाटणी दोन्ही दिशांनी होते. पलीकडून आलेल्या सुनेच्या नावे माहेरच्यांनी ठेवलेल्या ५ लाखांच्या ठेवीवर वर्षाला ३५,००० रुपये व्याज येत असेल, तर त्यांपैकी १७,५०० पतीच्या विवरणपत्रात दाखवावे लागतात. पती ३० टक्क्यांच्या टप्प्यात असल्यास घराचा एकूण कर थोडा वाढतोदेखील. पत्नी नोकरी करते आणि पती घरी आहे, अशा घरातही नियम हाच. जमीन विकून झालेला भांडवली नफाही अर्धाअर्धा होतो. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये प्रवासी वाहतुकीस खुला झाल्यापासून पेडण्यात जमिनींना जो भाव आला आहे, तो पाहता हा मुद्दा किरकोळ नव्हे. १२ लाखांपर्यंतची जी सूट वर सांगितली ती विशेष दराने कर लागणाऱ्या अशा नफ्यावर मिळत नाही. जमीन विकणाऱ्यांनी किराणा दुकानाच्या उदाहरणावरून आपला हिशेब करू नये.

विवरणपत्र भरताना

कलम ५-अ लागू असलेल्या व्यक्तीसाठी ‘परिशिष्ट ५-अ’ ठेवलेले आहे. ते आयटीआर-२ व आयटीआर-३ या नमुन्यांत असते. त्यात जोडीदाराचे नाव, पॅन व आधार क्रमांक द्यावा लागतो. घरभाडे, धंदा, भांडवली नफा व इतर मार्ग अशा शीर्षांपुढे एकूण मिळालेले उत्पन्न, जोडीदाराकडे गेलेला भाग, त्या उत्पन्नातून उगमस्थानी कापलेला कर आणि त्या करातील जोडीदाराचा भाग अशा चार रकमा लिहावयाच्या असतात. म्हणजे बँकेने पतीच्या ठेवीवर कापलेल्या कराचे अर्धे श्रेय पत्नी आपल्या विवरणपत्रात मागू शकते. बँक मात्र व्याजाची माहिती ज्याच्या नावे ठेव आहे त्याच्याच पॅनवर पाठविते. त्यामुळे वार्षिक माहितीपत्रकातील आकडा आणि विवरणपत्रातील आकडा जुळत नाही. परिशिष्ट नीट भरलेले असल्यास या फरकाचा खुलासा त्यातच मिळतो. ते न भरता नुसतीच अर्धी रक्कम दाखविल्यास नोटीस येण्याचा संभव असतो.

यासाठी पत्नीचा पॅन असलाच पाहिजे आणि तो आधारशी जोडलेला असला पाहिजे. परराज्यातून आलेल्या सुनांच्या बाबतीत अडचण येते ती नावाची. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत तिसरेच, असा प्रकार असतो. तो आधी दुरुस्त करून घ्यावा. जुनी की नवी कररचना घ्यावी हे पतिपत्नी स्वतंत्रपणे ठरवू शकतात. पतीने नवी घेतली म्हणून पत्नीनेही तीच घ्यावी असे बंधन नाही. पती ज्या भागीदारी पेढीत भागीदार आहे तिचे हिशेब तपासून घेणे कायद्याने आवश्यक असेल, तर पतीला मिळणारी विवरणपत्राची वाढीव मुदत २०२१ च्या दुरुस्तीपासून पत्नीलाही मिळते. पूर्वी पेढीचा हिशेब तयार होण्याआधीच पत्नीची मुदत संपत असे.

इतर देशांत काय आहे

अमेरिकेतील टेक्सास, कॅलिफोर्निया आदी राज्यांत स्पॅनिश परंपरेतून आलेली अशीच समाईक मालकी आहे. त्या पद्धतीच्या वॉशिंग्टन राज्यातील एका दांपत्याच्या प्रकरणात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९३० साली वेतनासह सर्व उत्पन्न अर्धेअर्धे मानले. तेव्हा इतर राज्यांतील लोकांनी आमच्यावरच अन्याय का, असा प्रश्न केला, आणि १९४८ मध्ये साऱ्या देशात पतिपत्नींना संयुक्त विवरणपत्राचा लाभ देण्यात आला. तेथे आता संयुक्त भरावे की स्वतंत्र, हे दांपत्य दर वर्षी ठरवू शकते. परदेशातून आलेल्या, नोकरी नसलेल्या पत्नीला कराच्या कामापुरते निवासी मानावे असे निवेदन देऊनही संयुक्त विवरणपत्र भरता येते. अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडील मुलामुलींचे पालक तेथल्या गोष्टी ऐकून इकडेही तसेच असेल असे समजतात. भारतात संयुक्त विवरणपत्र नाही. गोव्यात दोन विवरणपत्रे, दोन पॅन व दोन सह्या लागतात.

वेतन वाटणीतून वगळावे हे कितपत न्याय्य, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका आहे. दुकानदाराच्या पत्नीने घर सांभाळले म्हणून ती नफ्याची अर्धी मालक, आणि शिक्षकाच्या पत्नीने तेच केले तर कराच्या हिशेबात पगाराशी तिचा संबंध नाही, हे तर्काला धरून दिसत नाही. कर पगारातूनच कापण्याची सोय राहावी, एवढेच कारण समजण्याजोगे आहे. मात्र हा भेद करापुरताच आहे. पगारातून घेतलेली ठेव वा घर समाईक मालमत्तेतच येते आणि त्याचे व्याज वा भाडे विभागले जाते.

ग्रामपंचायतीच्या महिला मेळाव्यात किंवा शाळेच्या पालकसभेत हा विषय मांडताना एका गोष्टीवर भर द्यावा. पत्नीच्या नावे विवरणपत्र भरले गेले म्हणजे त्यातील विधानांची जबाबदारी तिची, आणि परतावा आला तर तोही तिचा. आज पुष्कळ घरांत तिच्या आधारला जोडलेला भ्रमणध्वनी पतीचा, सांकेतिक क्रमांक त्याच्याकडे येतो, विवरणपत्र तो वा त्याचा हिशेबनीस पडताळतो, आणि आपल्या नावावर ९ लाखांचे उत्पन्न जाहीर झाले आहे हे तिला कळतही नाही. कर वाचविताना तिचा अर्धा हिस्सा मान्य करावयाचा आणि दुकान, ठेव वा जमीन यांचा व्यवहार करताना तिला विचारावयाचे नाही, हे कायद्यात बसत नाही. सुनेने स्वतःच्या नावे बँक खाते उघडून तेच परताव्यासाठी नोंदवावे, आधारला आपलाच क्रमांक जोडावा आणि दर वर्षी भरलेल्या विवरणपत्राची पोच, परिशिष्ट ५-अ सह, छापून आपल्याजवळ ठेवावी. विवाहाचा दाखला हरवला असल्यास जेथे नोंदणी झाली त्या पेडणे किंवा डिचोलीच्या नागरी नोंदणी कार्यालयात अर्ज करून त्याची प्रमाणित प्रत घेता येते.